उन्हाळ्यात पाणी नको म्हणणारं झुडूप: बे एरियात यँकी पॉईंट सिॲनोथस कसं लावायचं आणि कसं जगवायचं

माझं पहिलं सिॲनोथस ऑगस्टमध्ये मेलं, आणि ते तहानेनं नाही, पाण्यानं मेलं. बाबा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आले होते, सॅन होजेच्या उन्हात संध्याकाळी त्यांना दुसरा उद्योग नव्हता, मग रोज पाईप हातात घेऊन अंगणभर फिरायचे. मी एकदा म्हटलं, बाबा त्या निळ्या फुलांच्या झुडपाला नका घालू, तर म्हणाले, "अगं एवढ्या उन्हात माणूस घोटभर पाणी मागतो, झाड नाही का मागणार?" ह्यावर काय बोलणार. जुलैमध्ये एक फांदी सुकली, त्यांना वाटलं पाणी कमी पडतंय, त्यांनी अजून घातलं, आणि तीन आठवड्यांत अख्खं झुडूप तपकिरी. उपटलं तर मुळं काळी, मऊ, हातात सालपट निघत होतं.

तेव्हापासून ह्या झाडाच्या मागे लागलेय. आता समोरच्या अंगणात पाच आहेत, सगळ्यात जुनं सात वर्षांचं. इकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या आसपास, राहणारे बरेच मराठी लोक लॉन काढून काहीतरी कमी पाण्याचं लावायच्या विचारात असतात आणि मग मला फोन येतात, तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी हे झाड आहे काय

सिॲनोथस हे कॅलिफोर्नियाचं मूळचं झाड. साधारण ५०-६० जाती, सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या, त्यातल्या बहुतेक कॅलिफोर्नियात. लोक 'कॅलिफोर्निया लायलॅक' म्हणतात पण लायलॅकशी ह्याचं काही नातं नाही, नातं आहे ते आपल्या बोराशी, दोन्ही एकाच कुळातली. मला हे कळलं तेव्हा एकदम जवळचं वाटायला लागलं, कारण बोरीलाही कोणी लाड करून वाढवत नाही, ती बांधावर आपली आपण उभी असते.

'यँकी पॉईंट' हा त्यातला निवडलेला वाण. कार्मेलच्या दक्षिणेला समुद्रकाठी यँकी पॉईंट नावाची जागा आहे, त्यावरून नाव. त्या किनाऱ्यावर वाऱ्यात जमिनीलगत पसरणारं जे सिॲनोथस आहे त्याला कार्मेल क्रीपर म्हणतात, त्यातलं हे एक. उंची २ ते ३ फूट, पण पसारा ८ ते १० फूट, कधी जास्तही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पानं गर्द हिरवी, चकचकीत, बारा महिने. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत निळ्या फुलांचे छोटे छोटे तुरे, म्हणजे पाडव्याच्या सुमाराला अंगण निळं. आणि मधमाश्या एवढ्या की उभं राहिलं तरी गुणगुण ऐकू येते.

वाण म्हणजे कलमाचा मामला आहे. हापूसची कोय लावली म्हणून हापूस येत नाही ना, तसंच ह्याचं बी लावून यँकी पॉईंट येत नाही, फाटे लावूनच वाढवतात. त्यामुळे नर्सरीत लेबल नीट वाचून घ्या, नुसतं 'सिॲनोथस' लिहिलेलं उचललंत तर ते २० फुटांचं झाड होणारं पण निघू शकतं आणि मग खिडकी झाकली की रडायचं.

एक गंमत, फुलं तळहातावर घेऊन थोड्या पाण्यात चोळा, रिठ्यासारखा फेस येतो. इथले मूळ रहिवासी साबण म्हणून वापरायचे. मुलांना दाखवायला एक नंबर.

तुमच्याकडे चालेल का

समुद्राजवळ, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, पॅसिफिका, सांताक्रूझ, तिथे डोळे झाकून लावा, पूर्ण उन्हात. सॅन होजे, सनीवेल, फ्रीमाँट इथे चालतं पण दुपारनंतर थोडी सावली मिळाली तर खूश असतं. ड्राईव्हवेच्या कडेला पश्चिमेच्या भिंतीसमोर, जिथे ऊन सिमेंटवरून परत उसळतं, तिथे पानं भाजतात. सॅक्रामेंटो किंवा त्याहून आत, जिथे ४० डिग्री आठवडा आठवडा टिकते, तिथे मी यँकी पॉईंट लावणार नाही. तिथे 'जॉईस कूल्टर' नावाचं सिॲनोथस घ्या, ते उष्णता आणि चिकट माती जास्त सहन करतं, किंवा सरळ 'बीज ब्लिस' नावाची पसरणारी साल्व्हिया, म्हणजे वेगळंच एक झुडूप, घ्या.

तुमच्या गल्लीत हरणं येत असतील तर मात्र विचार करा. हरणांना यँकी पॉईंट म्हणजे मेजवानी. डोंगराकडच्या वस्तीत राहणाऱ्या मैत्रिणीनं तीन लावली होती, एका रात्रीत काड्या उरल्या. तिनं नंतर 'अँकर बे' लावलं, त्याची पानं कडक आणि काटेरी कडांची, ते हरणं सहसा सोडतात.

न्यू जर्सीवाले विचारतात आम्ही लावू का. नका लावू. तिकडची थंडी ह्याला झेपत नाही, आणि तिकडे उन्हाळ्यात पाऊस पडतो तो तर त्याहून वाईट. पण तुमच्याकडे ह्याचंच भावंड रानात आहे, नावच मुळी 'न्यू जर्सी टी', पांढऱ्या फुलांचं, तीन फुटांचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात लोकांनी त्याच्या पानांचा चहा केला म्हणून ते नाव. ते लावा.

आणि पुण्याला बॅगेत टाकून न्यायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. एकतर परवानगीशिवाय रोप नेणं चालत नाही, आणि नेलंत तरी जुलैच्या पावसात मरेल. कोरड्या बागेसाठी तिकडे तरवड आहे, कोरांटी आहे, आपलं घरचं सोडून कशाला.

कॅलेंडर उलटं करा

आपल्या हाडात काय मुरलेलं आहे? मृग लागला की झाडं लावायची, पावसाळ्यात ती धरतात, उन्हाळ्यात पाणी घालून जगवायची. इथे पाऊस पडतो नोव्हेंबर ते एप्रिल, थंडीत. उन्हाळा ठार कोरडा, मे ते सप्टेंबर बहुतेक थेंब नाही. सॅन होजेला वर्षाचा पाऊस साधारण १५ इंच, म्हणजे पुण्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तो सगळा थंड हवेत. सिॲनोथस ह्याच चक्रात घडलेलं झाड आहे. थंडीत ओल असते तेव्हा मुळं वाढवतं, वसंतात फुलतं, आणि उन्हाळ्यात चक्क आराम करतं. त्याला उन्हाळ्यात पाणी घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाला उठवून जेवायला वाढण्यासारखं आहे.

नुसता आराम मोडतो एवढंच असतं तर ठीक होतं. गरम आणि ओली माती एकत्र आली की फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव मुळांवर चढतो. नागपूरकडच्या लोकांना संत्र्यावरचा डिंक्या माहीत असेल, कोकणातल्यांना सुपारीचा कोळेरोग माहीत असेल, त्याच गोतावळ्यातला हा. एकदा मुळं कुजली की इलाज नाही.

म्हणून इथला मृग म्हणजे दिवाळीच्या मागचापुढचा पहिला चांगला पाऊस. भाऊबीज झाली की खड्डे. नोव्हेंबर सगळ्यात बेस्ट, जानेवारीपर्यंत चालतं, मार्चनंतर नर्सरीत फुलांनी भरलेलं कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका, त्याला उन्हाळ्याआधी मुळं पसरायला वेळच मिळत नाही. (सगळे तेव्हाच घेतात, कारण फुलं तेव्हाच दिसतात. मी पण तेव्हाच घेतलं होतं.)

ऑगस्ट-सप्टेंबर: लॉन मारणे

गवत काढायच्या आधी दोन कामं. एक, पाण्याच्या खात्याची लॉन काढायची रिबेट घ्यायची असेल, सांता क्लारा काउंटीत 'व्हॅली वॉटर'ची आहे, तर आधी अर्ज, मग मंजुरी, मगच फावडं. उत्साहात गवत आधी काढून टाकलं की पैसे गेले. दोन, खणायच्या आधी ८११ ला फोन करा, फुकट येऊन गॅस आणि विजेच्या लायनी कुठे आहेत त्याच्या खुणा करून जातात.

फेस्क्यू नावाच्या गवताचं साधं लॉन असेल तर सोपं आहे. गवत बुटकं कापा, चांगलं भिजवा, त्यावर पुठ्ठे अंथरा, कडा एकमेकांवर सहा सहा इंच चढवून, फट राहता कामा नये. खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या आणि पिना काढून घ्या. वर ३-४ इंच वुडचिप्स, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे. दोन-तीन महिन्यांत गवत गुदमरून मरतं आणि पुठ्ठा कुजून जातो.

पण तुमच्या लॉनमध्ये बर्म्युडा ग्रास असेल तर पुठ्ठ्याच्या भरवशावर राहू नका. बर्म्युडा ग्रास म्हणजे काय माहितीये का? आपली हराळी. दुर्वा! गणपतीत आपण ज्याच्या जुड्या शोधत हिंडतो तेच इथे लोकांच्या डोक्याला ताप झालंय. ती पुठ्ठ्याखालून दहा फूट सरकून दुसऱ्या टोकाला डोकं वर काढते. शेतकऱ्याच्या पोरीला हराळी काय चीज आहे ते सांगायला नको. भर उन्हाळ्यात ती जागा ओली करून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीत दाबून ४ ते ६ आठवडे ठेवा, उन्हानं शिजते, आणि मग उरलेल्या काश्या टिकावानं खणून हातानं वेचा. एका वर्षात संपेल असं समजू नका. मी एका कुंडीत थोडी ठेवलीये, गणपतीपुरती, आणि ती कुंडी सिमेंटवर ठेवलीये, मातीवर नाही.

लॉनचे स्प्रिंकलर बंद करून त्यांना टोपणं लावा. हे बरेच लोक विसरतात, शेजारच्या पट्ट्याचा स्प्रिंकलर आठवड्यातून तीनदा झुडपावर उडत राहतो आणि मग नेटिव्ह, म्हणजे इथली मूळची, झाडं टिकत नाहीत म्हणून ओरड.

किती घ्यायची, कशी निवडायची

कमी घ्या. मी ३०० चौरस फुटांसाठी बारा आणली होती, कारण एक गॅलनच्या कुंडीतलं रोप एवढंसं दिसतं आणि बारा रोपं लावूनही अंगण उघडंबोडकं वाटतं. तिसऱ्या वर्षी एकमेकांच्या अंगावर चढली, सात काढावी लागली. ७-८ फुटांवर एक लावा, म्हणजे तेवढ्या जागेला पाच पुरे. फुटपाथपासून निदान ४-५ फूट आत. घराच्या भिंतीपासूनही ५ फूट मोकळे सोडा, वणव्यांच्या सीझनमध्ये ठिणग्या उडत येतात तेव्हा भिंतीलगत झुडूप नसलेलं बरं. मधली मोकळी जागा पहिली दोन वर्षं खटकते, तिथे कॅलिफोर्निया पॉपीचं बी फेकून द्या, ती आपोआप येते.

एक गॅलनचंच रोप घ्या, पाच गॅलनचं नको. मोठं रोप महाग, आणि दोन-तीन वर्षांत छोटं त्याला गाठतं, कारण त्याची मुळं कुंडीत गोल गोल फिरून जखडलेली नसतात. कुंडीतून हळूच सरकवून बघा. मुळं पांढरी किंवा फिकट हवीत, बुडाशी चक्कर मारलेली नकोत, बुंधा काळा पडलेला नको. मूळच्या झाडांच्या खास नर्सऱ्या आहेत, शिवाय कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लँट सोसायटीच्या शाखांची विक्री दरवर्षी पानगळीच्या सीझनला असते, तिथे माणसं प्रेमानं माहिती देतात. त्यांचीच 'कॅलस्केप' नावाची साईट आहे, आपला पत्ता टाकला की तुमच्या जागी मूळची कुठली झाडं आहेत ते दाखवते.

लावणी

आधी निचरा बघा. एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर उतरलं तर छान. रात्रभर डबकं राहिलं तर तिथे सपाट जमिनीत लावायचं नाही.

आमच्याकडे तेच आहे. इथल्या चिकट मातीला 'अडोबी' म्हणतात, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात बुटाला दोन दोन किलो चिकटते, म्हणजे आपली काळी मातीच समजा. अशा जागी तिथलीच माती ओढून ८ ते १२ इंच उंचीचा, ४-५ फूट रुंदीचा उतरता उंचवटा करा आणि त्याच्या माथ्यावर झाड लावा. एवढ्या एका गोष्टीनं माझी पाचही जगली असं माझं मत आहे.

खड्डा कुंडीइतकाच खोल, किंचित कमीच, आणि दुप्पट रुंद. पहारीनं खड्ड्याच्या कडा खरवडून ठेवा, गुळगुळीत राहिल्या तर मुळं भिंतीला अडून आतच फिरतात. आता सगळ्यात अवघड भाग: खड्ड्यात काहीही घालायचं नाही. शेणखत नाही, कंपोस्ट नाही, पॉटिंग मिक्स नाही. आपल्याला हे जमतच नाही, खत न घालता झाड लावणं म्हणजे पाहुण्याला चहा न विचारण्यासारखं वाटतं. पण चिकट मातीत भुसभुशीत मिक्स भरलं की तो खड्डा रांजण होतो, पाऊस त्यात साठतो आणि मुळं त्यात उभी. शिवाय ह्याला खताची गरजही नाही, ह्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यात फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. हरभऱ्याच्या मुळांवर असतात तसंच, फक्त जिवाणू वेगळे. रोप काढताना मुळांवर गाठी दिसल्या तर घाबरून तोडू नका.

रोपाचा गड्डा आजूबाजूच्या मातीपेक्षा इंचभर वर राहील असं बसवा, काढलेली माती परत भरा, हातानं दाबा, पायानं तुडवू नका. मग सावकाश बादली-दोन बादल्या पाणी, हवा निघून जाईपर्यंत. वर ३ इंच वुडचिप्स, पण बुंध्याभोवती ६ इंच मोकळं गोल ठेवा. बुंध्याला चिप्स टेकल्या की तिथे कुजायला सुरुवात.

पाणी, ज्यासाठी हे सगळं लिहिलं

पहिला हिवाळा: पाऊस पडतोय तोवर काही करू नका, दोन-तीन आठवडे कोरडे गेले तर एकदा भरपूर घाला. पहिला उन्हाळा हा एकच काळ आहे जेव्हा ह्याला तुमची खरी गरज असते, कारण मुळं अजून कुंडीएवढीच आहेत. दर १०-१४ दिवसांनी, पहाटे, खोल. आधी बोट मातीत ३-४ इंच घालून बघा, ओल लागली तर नाही घालायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांनी एकदा. तिसऱ्यापासून समुद्राकडे जवळपास काहीच नाही, आमच्यासारख्या आतल्या भागात महिन्यातून फार तर एकदा.

पाणी बुंध्याशी नाही, पसाऱ्याच्या कडेला घालायचं, मुळांची टोकं तिथे असतात. ड्रिप लावली असेल तर दरवर्षी नळ्या बाहेर सरकवा, बुंध्याशी टपकत राहणारी ड्रिप बाबांच्या पाईपपेक्षा वाईट, कारण ती कंटाळत नाही. आणि उष्णतेची लाट आली की हात बांधून बसा. लाट येणार असं कळलं तर दोन दिवस आधी घाला, ऐन ४० डिग्रीत माती भिजवू नका.

तहान आणि कूज ओळखायची कशी, तर दोन्हीत पानं मरगळतात म्हणून फसायला होतं. तहानलेलं झाड सगळीकडून थोडं थोडं मलूल होतं, माती खोलवर कोरडी असते, पहाटे जरा सावरलेलं दिसतं. कुजणाऱ्याची बहुतेक एखादी फांदी अचानक जाते, मग दुसरी, आणि माती ओलीच असते. ओल्या मातीत झाड मलूल दिसलं की पाणी ताबडतोब बंद. वाचलं तर वाचलं. मेलं तर त्याच जागी परत सिॲनोथस लावू नका.

छाटणी आणि बाकी किरकोळ

फुलं संपल्यावर, मे-जूनमध्ये, कोरड्या हवेत. फक्त कोवळे शेंडे, पेन्सिलीपेक्षा जाड फांदीला कात्री लावायची नाही, कारण जुन्या लाकडातून ह्याला नवी फूट येत नाही. गुलाबासारखी खरड छाटणी केली तर तसंच बोडकं राहतं. लॉन कापायला माणूस येत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे एकानं मी घरात नसताना यंत्रानं मस्त चौकोनी ठोकळा करून ठेवला होता, दीड वर्ष एका बाजूनं काड्याच दिसत होत्या.

फांदीवर मधेच फुगीर गाठ दिसली तर ते एका पतंगाच्या अळीचं काम, अळी आत राहते आणि पुढचा शेंडा खुंटतो. ह्या किनाऱ्यावरच्या पसरणाऱ्या प्रकाराला तिचा त्रास जास्त होतो. हिवाळ्यात किंवा वसंताच्या आधी गाठीखाली कापून कचऱ्यात टाका, फवारणी करत बसू नका, अळी आत सुरक्षित असते आणि मरतात त्या मधमाश्या. पानं कुरतडलेली दिसली तर तेही सोडून द्या, कॅलिफोर्निया टॉर्टॉईसशेल नावाच्या फुलपाखराच्या अळ्या ह्याच झाडावर वाढतात.

आणि हे झाड काही वडासारखं नाही, १०-१५ वर्षं टिकलं तर भरपूर. मधून लाकूड दिसायला लागलं, फुलं कमी झाली की त्याला परत तरुण करायच्या भानगडीत पडू नका, नोव्हेंबरमध्ये काढा आणि चार फूट बाजूला नवं एक गॅलनचं लावा. माझ्या सगळ्यात जुन्याच्या मध्यभागी आत्ताच थोडं लाकूड दिसतंय. बाबा फोनवर विचारतात, "पाणी घालतेस ना त्याला?" मी हो म्हणते.